आर्डिसचा भरलेला ग्लास

एल्मरिज, सस्कॅचेवान
१४ जानेवारी २०१९

आर्डिस,

तुझा पत्ता हेझेलकडून घेतला. ती आधी देईचना. म्हणाली, "मी तिला विचारते, मग देते." मी म्हटलं, "तुझं विचारून होईपर्यंत कर्लिंग क्लब पाडून झालेला असेल." तेव्हा कुठे क्लबच्या स्वयंपाकघरातल्या वहीचं पान फाडून लिहून दिला. तिच्यावर रागावू नकोस.

पंचवीस वर्षांनी बहिणीला पत्र लिहितेय आणि सुरुवात बर्फ गोठवायच्या यंत्रापासून करतेय, हे मला कळतंय. पण बातमी तीच आहे. पप्पांच्या वेळचं ते यंत्र डिसेंबरात दोनदा बसलं. दुसऱ्यांदा बसलं तेव्हा दुरुस्तीवाल्याने टोपी काढली, मयताला काढतात तशी. नवीन घ्यायचं तर खेळायला माणसं कुठायत? आपल्या वेळी बायकांचेच चौदा संघ होते. आता सगळे मिळून चार, आणि त्यातल्या एका संघात तिघंच. तेव्हा १७ मार्चला, रविवारी, शेवटची स्पर्धा, मग जेवण, आणि मग क्लबचा अगदी शेवटचा दगड मी टाकायचा असं कमिटीने ठरवलंय. कमिटी म्हणजे डुएन. तुला आठवणार नाही, तू गेलीस तेव्हा तो शाळेत होता. आता अध्यक्ष आहे, कारण दुसरं कुणी हो म्हणालं नाही.

मी हो म्हटलं. आनंद झाला असंही नाही, वाईट वाटलं असंही नाही. फोन ठेवला आणि बटाटे सोलायचे राहिले होते ते सोलले.

तू यावंस. का, ते पत्रात लिहीत नाही. वरची खोली रिकामी आहे. डेल जाऊन चार वर्षं झाली, मी विधवा झाल्याचं हेझेलने कळवलंच असेल. तू कार्ड पाठवलं नाहीस म्हणून माझी काही तक्रार नाही.

वर्ना


२७ जानेवारी

आर्डिस,

उत्तर नाही. ठीक आहे, मीही लगेच दिलं नसतं.

इथे उणे अडतीस आहे. इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर विजेची तार जोडून ठेवते तरी सकाळी कुरकुरते. माझा डावा खुबा बदललाय, तो थंडीत दुखतो म्हणतात. मला तर काही जाणवत नाही. डॉक्टरने चार ठिकाणी टोचून पाहिलं, म्हणाला, "इथे? इथे?" मी म्हटलं, "बाबा रे, तुला हवं तिथे हो समज."

परवा साप्ताहिकाची एक मुलगी मुलाखत घ्यायला आली होती. बावीस-तेवीसची असेल, टोरोंटोची. कर्लिंग तिने टीव्हीवरसुद्धा पाहिलेलं नव्हतं. तिला बर्फावर नेलं, दगड उचलायला लावला. एकोणीस किलोचा ग्रॅनाइट, बिचारी वाकली ती वाकलीच. म्हटलं, उचलायचा नसतो गं, घसरवायचा असतो. पलीकडच्या टोकाला ती वर्तुळं दिसतात ना, त्याला घर म्हणतात. ज्याचा दगड मधल्या ठिपक्याला जास्त जवळ, त्याची ती फेरी. दगड वाटेत रेंगाळायला लागला की दोघी पुढे धावत झाडूने बर्फ घासतात, म्हणजे तो आणखी चार हात जातो. एवढंच. यात आयुष्य गेलं म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

मग विचारते, "पंच कुठे उभा राहतो?"

म्हटलं, मोठ्या सामन्यात अधिकारी असतात, पण ते माप घ्यायला. चालत्या दगडाला झाडू किंवा पाय लागला तर तो दगड बाटला. आणि ते ज्याचं लागलं त्यानेच हात वर करून सांगायचं. मग तो दगड राहू द्यायचा की काढायचा, हे समोरच्या संघाने ठरवायचं. तिला पप्पांचं वाक्यही ऐकवलं: "बर्फावर पंच नसतो पोरींनो, पंच आपल्या तोंडात असतो." तिला ते फार आवडलं, लिहून घेतलं.

"आणि नाही सांगितलं तर?" तिने विचारलं.

मी तिला कॉफी हवी का विचारलं.

नंतर घरी येऊन तिने माझी पदकं पाहिली. प्रांताची विजेतेपदं पाच, राष्ट्रीय स्पर्धेला पाच वेळा, त्यात एकदा चांदी. "सगळ्यात आनंदाचा क्षण कुठला?" मी चौऱ्याण्णव म्हटलं. सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. बहिणीविरुद्ध बहीण, शेवटची फेरी, शेवटचा दगड. ती म्हणाली, "बाई गं, अंगावर काटा आला!" माझ्या अंगावर आला नाही. ती गेल्यावर पदकांवरची धूळ पुसली, एवढंच.

येतेस का, ते कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

वर्ना


१० फेब्रुवारी

आर्डिस,

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहिते. क्लबच्या भिंतीवरचे फोटो जिल्ह्याच्या संग्रहालयात जाणार आहेत. जागा थोडी, म्हणून निवडायचे होते. मंगळवारी बैठक झाली. डुएनने चौऱ्याण्णवचा तुमचा चौघींचा फोटो पुढे ठेवला. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही. म्हणाला, "उपविजेते, आपल्याच गावचे, दोन बहिणी समोरासमोर, संग्रहालयवाले खूश होतील."

तर म्हातारा ऑर्विल काठी आपटून म्हणाला, "जी टेबलाशी बसली नाही तिचा फोटो नको."

डुएनला कळेना. मग सगळ्यांनी त्याला सांगितलं. तुला तर ठाऊकच आहे ते काय सांगतात. सामना संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पेय आणून द्यायचं आणि आठही जणींनी एका टेबलाशी बसायचं. शंभर वर्षांत कुणी मोडलं नाही. ज्याची बायको त्याच आठवड्यात गेली होती तोसुद्धा बसला होता म्हणे. आणि इव्हर हाउगेनची धाकटी पोर हरली म्हणून भरलेला ग्लास तसाच ठेवून, नाक वर करून निघून गेली. तुझ्या ग्लासातला बर्फ वितळून पाणी झालं, पप्पांनी तो स्वतः उचलून मोरीत ओतला, वगैरे वगैरे. ऑर्विल तर असा सांगतो, जणू तूच त्याच्या तोंडावर ओतलास.

हेझेल स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती. तिने खिडकी धाडकन बंद केली. तीही त्या फोटोत आहेच की.

फोटो यादीतून काढला. मी काय म्हटलं, असं तू विचारशील. मूग गिळून बसले.

आता विषय निघालाच आहे तर दुसरंही लिहिते. मी तुला संघातून काढलं ते बरोबर केलं नाही. नऊ वर्षं तू माझ्याबरोबर खेळलीस, माझ्या निम्म्या चुका तुझ्या दगडांनी झाकल्या, आणि मी तुला ईस्टरच्या दिवशी फोनवर सांगितलं, की रेजायनाची एक जण मिळतेय, तिचा दगड तुझ्यापेक्षा जोरात जातो. तू एवढंच म्हणालीस, "बरं. हॅम ओव्हनमध्ये आहे, ठेवते." मला वाटलं, चला, सोपं गेलं.

मग तू हेझेलला घेतलंस, टपालखात्यातली ती उंच बाई घेतलीस, बेकरीवाली घेतलीस. लोक हसले. मीही हसले, लपवत नाही. "आर्डिसचा भाजीबाजार" हे नाव मीच ठेवलं होतं. आणि तोच भाजीबाजार दोन वर्षांत प्रांताच्या अंतिम सामन्यात माझ्यासमोर उभा! पप्पा त्या आठवड्यात कुणाच्या बाजूने बोलायला नको म्हणून घरी मुकेच बसायचे.

सामन्याचं तुला काय सांगायचं? नऊ फेऱ्यांनंतर बरोबरी. दहाव्या फेरीत तुझा दगड ठिपक्याजवळ, माझा एक दगड शिल्लक. मी टाकला. माझा जास्त जवळ निघाला, पेन्सिलीच्या जाडीएवढा. तू हात मिळवलास आणि गेलीस.

झालं ते झालं. तू आलीस तर ऑर्विलचं तोंड आपोआप बंद होईल, एवढंच माझं म्हणणं.

वर्ना


२ मार्च

आर्डिस,

मागच्या पत्रात मी सामना सहा ओळींत उरकला. हेझेलला मी पत्र दाखवलं नव्हतं, पण खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं. काल तिच्याकडे केक पोचवायला गेले तर तिने दारातच विचारलं, "तिला काय काय लिहितेस?"

"असंच. क्लबचं. सामन्याचं."

"सामन्याचं काय?"

"जे झालं ते."

तिने केक घेतला, टेबलावर ठेवला, आणि हात पुसत म्हणाली, "वर्ना, मी पंचवीस वर्षं तुझ्याशी धड बोलत आलेय. गाव लहान आहे, न बोलून भागत नाही. पण एक सांग. तुझ्याकडे दोन धट्ट्याकट्ट्या झाडणाऱ्या होत्या. दगड टाकून तू उठलीस आणि शेवटच्या पाच फुटांत स्वतः झाडू घेऊन का घुसलीस?"

मी म्हटलं, "दगड कमी पडत होता."

"हं. आणि मग?"

"आणि मग काय?"

"आर्डिसने मला कधी काही सांगितलं नाही. मी शंभरदा विचारलं. तिचं एकच, 'ते सांगायचं माझं काम नाही.' मग कुणाचं काम आहे, तेवढं तूच सांग."

मी केकचा डबा परत मागितला आणि घरी आले. डबा तिचाच होता, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

तर ऐक.

माझा झाडू लागला होता.

दगड कमी पडत होता, ते खरंच होतं. मी घसरत घसरत पोचले, खाली वाकले, जीव खाऊन घासलं, आणि घराच्या आतल्या वर्तुळाशी झाडूच्या डोक्याने दगडाच्या कडेला टिचकी मारली. आवाज आला नाही. हाताला कळलं. झाडूच्या दांड्यातून मनगटापर्यंत आलं, इतकं स्पष्ट की आजही ते कुठे आलं ते बोट ठेवून दाखवीन. त्या धक्क्याने दगड पुढे गेला, की अडला, की काहीच झालं नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही सांगता येणार नाही. माझ्या दोघी खाली माना घालून ओरडत होत्या. अधिकारी लांब होता. टीव्हीवाल्यांचा एकच कॅमेरा, तोही वरून.

आणि तू घरामागे उभी होतीस. तीन पावलांवर. मी वर पाहिलं तर तू दगडाकडे पाहतच नव्हतीस, माझ्याकडे पाहत होतीस.

मला तोंड उघडायला वेळ नव्हता असं नाही. भरपूर होता. अधिकारी मापाची पट्टी घेऊन चालत आला, तीस-चाळीस पावलं. पट्टी बसवली, फिरवली. तो सगळा वेळ तू झाडूवर हात ठेवून उभी होतीस. एकदा म्हणालीससुद्धा, हळू, "वर्ना?" नुसतं नाव. मी म्हटलं, "माप घेऊ दे ना त्यांना."

मग तू हातमोजा काढून हात मिळवलास. "छान खेळलात," म्हणालीस. तुझा हात गरम होता. मला तो गरम लागला हेच शेवटचं, आर्डिस. त्यानंतर करंडक आला, फोटो झाले, राष्ट्रीय स्पर्धा, आणखी चार विजेतेपदं, पप्पा गेले, डेल गेला. लोक म्हणायचे, वर्ना खंबीर आहे, डोळ्यातून टिपूस नाही. कसली खंबीर? जिंकतानाही मला काही वाटलं नाही आणि पुरतानाही वाटलं नाही. दातांच्या डॉक्टरकडून येताना गाल कसा आपला नसतो, तसं.

पण हे सगळं एकवेळ खेळातलं म्हणता येईल. पुढचं नाही म्हणता येणार, म्हणून तेही लिहिते, नाहीतर हे पत्रही अर्धवटच.

पप्पा शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात होते. सातव्या दिवशी त्यांना बरं वाटलं. म्हणाले, उशी वर कर. मग म्हणाले, "धाकटीने तसं का केलं असेल गं? ती रडकी नव्हती कधी. तिला मीच शिकवलं होतं. ग्लास तसाच टाकून जाण्यासारखी नव्हती ती. तुला काय वाटतं?"

खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी मला सरळ विचारलं होतं, मुद्दाम ताटात वाढून दिल्यासारखं.

मी म्हटलं, "तिचा स्वभावच तसा, पप्पा."

त्यांनी मान हलवली. "असेल," म्हणाले. मग पाणी मागितलं. अकरा ख्रिसमस ते तुझ्याशी फोनवर नीट बोलले नाहीत, ते त्या ग्लासापायी. आणि गेले ते माझं ऐकून.

अंत्यविधीला तू शेवटच्या बाकापाशी उभी होतीस, कोट न काढता. खाली तळघरात सँडविच आणि खजुराचे केक होते, तू आली नाहीस. ऑर्विल म्हणाला, "बघा, इथेसुद्धा बसली नाही." मी त्याला आणखी एक केक वाढला.

हे लिहिताना मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. पण लिहून झालं.

आता ये.

वर्ना


११ मार्च

आर्डिस,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. समोर समुद्र, मागे चार ओळी. मी त्या इथे उतरवते, कारण मला त्या पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतायत आणि उतरवताना तरी एकेक शब्द नीट वाचला जातो.

"वर्ना. मी येणार नाही. मला काय सांगतेस? मी तीन पावलांवर उभी होते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. आर्डिस."

आधी मला रागच आला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी तोंड उघडलं, आणि हिचं काय, तर "मला काय सांगतेस!" सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मोठ्याने म्हणाले, स्वयंपाकघरात, एकटीच. मांजर उठून गेलं.

मग शनिवार गेला. रविवारी चर्चमध्ये ऑर्विल माझ्या पुढच्या बाकावर होता. त्याची मान आता एवढीशी राहिलीय, कॉलरमध्ये हलते. एक्क्याण्णव वर्षांचा आहे. टपालखात्यातली ती उंच बाई गेली गेल्या वर्षी. बेकरीवाली हल्ली मला ओळखत नाही. पप्पा नाहीत. ज्यांच्यासमोर तुझं नाव घालवलं ती माणसं संपत चाललीयत, आणि येत्या रविवारनंतर ती सगळी पुन्हा एका छताखाली कधीच यायची नाहीत. यंत्र बंद होईल, बर्फाचं पाणी होईल आणि मग कुणाला सांगू? बांधकामवाल्यांना?

मी डुएनला फोन केला, म्हटलं, शेवटचा दगड दुसऱ्या कुणाला तरी दे. तो म्हणाला, "अहो वर्ना, पत्रिका छापून झाल्या!" मग म्हणाला, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, तब्येतीला काय धाड भरलीय.

मला भीती वाटतेय. हे लिहिते कारण ही गोष्ट नवी आहे. बऱ्याच वर्षांनी काहीतरी वाटतंय आणि ते नेमकं हे.

वर्ना


१८ मार्च

आर्डिस,

हे तुला हेझेल फोनवर सांगेलच, कदाचित सांगितलंही असेल. तरी माझ्याकडून.

माणसं शंभरावर आली. स्विफ्ट करंट, मूस जॉ, कुठून कुठून. कोबी भरलेले रोल, हॅम, जेलीचं सॅलड, हेझेलच्या हातचे बटर टार्ट. पप्पांच्या डब्याने, तेच ते पाठीवरचं पाणी शिंपडायचं भांडं, डुएनने दगड नीट घसरावा म्हणून बर्फावर शेवटचं पाणी शिंपडलं. उलटं चालताना दोनदा अडखळला. पप्पांनी त्याला हाकलला असता.

साडेतीनला मला बोलावलं. सगळे काचेमागून बर्फाच्या कडेला येऊन उभे राहिले. खुब्यामुळे मला आता बसून घसरता येत नाही, दगड काठीने ढकलावा लागतो. डुएनने भोंग्यात माझी पाच विजेतेपदं वाचली. चौऱ्याण्णव म्हटल्यावर टाळ्या वाजल्या.

मी दगड ढकलला. चांगला गेला. कुणी झाडायला नव्हतंच. घरात शिरला आणि ठिपक्यापासून हातभर अलीकडे थांबला. टाळ्या सुरू झाल्या. मी काठी टेकत चालत गेले, पलीकडच्या टोकापर्यंत. खूप वेळ लागला. टाळ्या मध्येच थांबल्या, लोकांना कळेना की म्हातारी कुठे निघाली.

मी दगडापाशी उभी राहिले आणि हात वर केला. आपण करायचो तसा.

म्हटलं, "माझा झाडू लागला होता."

डुएन हसला. भोंग्यातून म्हणाला, "वर्ना, तुमच्याकडे झाडू नाहीये!" दोनचार जण हसले.

मी म्हटलं, "आज नाही. चौऱ्याण्णवच्या अंतिम सामन्यात. शेवटच्या दगडाला. मला कळलं होतं. आर्डिसने पाहिलं होतं. तिने मी सांगायची वाट पाहिली आणि मी सांगितलं नाही. म्हणून ती टेबलाशी बसली नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या हातचं ती प्यायली नाही, एवढाच तिचा गुन्हा. पप्पांना मी सांगितलं नाही. तुम्हाला मी सांगितलं नाही. आता सांगितलं."

आवाज माझा फुटला वगैरे नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा निघाला.

यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. ऑर्विल ओरडला, "काय म्हणाली?" त्याच्या सुनेने त्याच्या कानात सांगितलं. पूर्ण सांगायला तिला वेळ लागला. मग तो माझ्याकडे बघत राहिला. मग वळला आणि सुनेचा हात धरून निघून गेला. मला वाटलं शिव्या तरी देईल. जाताना भिंतीपाशी थांबला म्हणे आणि डुएनला म्हणाला, "त्या चार बायांचा फोटो कुठाय? आण तो." एवढंच. माझ्याशी तो आता बोलेल असं वाटत नाही, आणि ते बरोबर आहे.

बाकीचेही हळूहळू आत गेले. माझ्यापाशी कुणी आलं नाही. माझ्या त्या दोघी झाडणाऱ्यांपैकी एक आली होती, ती पर्स घेऊन मागच्या दाराने गेली. मी आत येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले, कारण खुबा उभं राहू देईना. दुखत होता. सांगते तुला, खरंच दुखत होता.

मग हेझेल स्वयंपाकघरातून आली. ॲप्रन काढलेला. बारकडे गेली, राय व्हिस्की आणि जिंजर एल घेतलं, एक ग्लास नाही, दोन. सगळी खोली तिच्याकडे पाहत होती. तिने एक ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा घेऊन समोर बसली.

मी म्हटलं, "हे कशाला?"

"जिंकलेल्यांनी हरलेल्यांना द्यायचं असतं," ती म्हणाली. "पी. पंचवीस वर्षं उशीर झालाय, आणखी वितळायची वाट बघू नकोस."

मी प्यायले. दात शिवशिवले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू अगदी बावळट आहेस, वर्ना. तुला ठाऊक आहे ना, तू तेव्हा हात वर केला असतास तर आर्डिस काय म्हणाली असती?"

मी म्हटलं, "काढला असता दगड. तिचा हक्क होता."

"डोंबल! 'राहू दे,' म्हणाली असती. एवढ्याशा टिचकीसाठी सख्ख्या बहिणीचा दगड काढणारी ती नव्हे. तू हात वर केला असतास, तिने राहू दे म्हटलं असतं, माप झालं असतं, आणि तूच जिंकली असतीस. तुला फक्त सांगायचं होतं."

आर्डिस, हे मला पंचवीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. मी नेहमी हिशेब असा केला, की सांगितलं असतं तर हरले असते. तू काय केलं असतंस याचा विचारच केला नाही. मला तुझा खेळ सगळा पाठ होता आणि तू ठाऊक नव्हतीस.

मग मी रडले. तिथेच, सगळ्यांसमोर, नाक गळेपर्यंत. हेझेलने हातातला पुसायचा कपडा दिला, त्याला कांद्याचा वास होता. पप्पांसाठी रडले, डेलसाठी रडले, मग कशासाठी ते कळेनासं झालं. थोड्या वेळाने थांबलं आणि पुन्हा पहिल्यासारखं सुन्न वाटायला लागलं. पण आता ते येतं-जातं.

तो शेवटचा दगड क्लबतर्फे मला भेट द्यायचा होता. डुएन बिचारा फार अवघडला. शेवटी गाडीच्या डिकीत ठेवून गेला, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "यादीत तुमचंच नाव आहे, मी काय करू?" आज सकाळी शेजाऱ्याने उचलून आत आणून दिला. स्वयंपाकघरात दारापाशी आहे. येता-जाता पायाला लागतो.

माझं सांगून झालंय. उशिरा, पण नियमाप्रमाणे. आता पुढचं माझ्या हातात नाही. राहू द्यायचा की काढायचा, ते तू सांगायचंस.

फोन नंबर पप्पांचाच आहे.

वर्ना